जत्रेतल्या पन्नास रुपयांच्या खेळण्याचे परीक्षण: तपासावे काय आणि हसवावे कसे

डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या दिवाळी हस्तलिखिताचे काम पाहणाऱ्या शिक्षिकेने कळवले आहे की, जत्रेत मिळणाऱ्या दहा ते शंभर रुपयांच्या खेळण्यांची विनोदी परीक्षणे असे एक सदर यंदा सातवी ते नववीची मुले लिहिणार आहेत. परंतु पहिल्या खेपेला आलेले सगळे लेख ‘खेळणे लगेच मोडले, पैसे फुकट गेले’ एवढ्यावरच थांबले आणि वाचताना कोणालाही हसू आले नाही. खेळण्यात नेमके काय तपासावे आणि ते कसे लिहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

बाई, सप्रेम नमस्कार. मी म्हापशाचा. घरचा धंदा रेडिओ आणि पंखे दुरुस्तीचा, पण गेली 31 वर्षे मी जत्रांतून आणि फेस्तांच्या, म्हणजे चर्चच्या सणांच्या, बाजारांतून खेळण्यांचे दुकान मांडतो. 3 डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त, त्यामागोमाग फातर्प्याची आणि आमच्या बोडगेश्वराची जत्रा, ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त आणि श्रावणात वास्कोचा सप्ताह, असे माझे वर्ष असते. त्यातली बरीच वर्षे मी दुकानाच्या पुढ्यात एक पाटी ठेवत आलो आहे आणि तिच्यावर आपल्याच मालाचे परीक्षण खडूने लिहीत आलो आहे. ‘ही पिपाणी वाजते. हाच तिचा दोष.’ अशी पाटी पहिल्यांदा लावली तेव्हा भाऊ माझ्यावर चिडला होता. पण त्या रात्री पिपाण्यांचा खोका रिकामा झाला आणि भावाचा रागही गेला. तेव्हा सांगतो आहे ते अनुभवाचे आहे, विद्वत्तेचे नाही.

तुमच्या मुलांच्या लेखांत हसू येत नाही याचे कारण असे की, पन्नास रुपयांचे खेळणे कच्चे निघाले ही बातमीच नव्हे. ते सर्वांना आधीच ठाऊक असते, घेणाऱ्यालाही आणि विकणाऱ्यालाही. ‘भंगार आहे’ हा निकाल झाला, परीक्षण नव्हे. वाचक हसतो तो खेळणे *कसे* मोडले, कुठल्या सांध्यात मोडले, खोक्यावर काय लिहिले होते आणि आत काय निघाले, हे तपशीलवार कळल्यावर. म्हणून मुलांना सगळ्यात आधी एक गोष्ट समजावून द्यावी: स्वस्त खेळणे वजाबाकीने बनते.

महाग वस्तू बनवताना आधी वस्तू ठरते आणि मग तिची किंमत निघते. इथे उलटे असते. किंमत आधी ठरते आणि मग त्या किमतीत बसेपर्यंत वस्तूतून एकेक गोष्ट काढून टाकली जाते. ही रीत काही आपल्या ‘हर माल’वाल्यांची नव्हे. अमेरिकेत फ्रँक वूलवर्थ यांनी 1879 मध्ये पाच सेंटांचे दुकान काढले ते याच हिशेबावर, आणि तिथल्या एका डॉलरच्या दुकानांचा हिशेबही तोच आहे. त्यांतल्या डॉलर ट्री या मोठ्या साखळीने वर्षानुवर्षे धरून ठेवलेली एक डॉलरची किंमत 2021 मध्ये सव्वा डॉलर केली. किंमत जागची हलत नसली की हलायचे वस्तूलाच असते. स्क्रूच्या जागी चिकटवण येते, रंगाच्या जागी स्टिकर येतो, धातूच्या आसाच्या जागी प्लॅस्टिकची काडी येते, प्लॅस्टिकची भिंत पोस्टकार्डाइतकी पातळ होते आणि गाडीला चार चाके असली तरी फिरतात त्यांतली दोनच. परीक्षण करणाऱ्याने ही वजाबाकी शोधून काढायची असते. एकदा ती सापडली की विनोद करावा लागत नाही, तो समोर पडलेलाच असतो.

आता तपासणीचे सांगतो. एक खेळणे घेऊन परीक्षण लिहू नये. शक्य असेल तर एकाच प्रकारचे तीन नग घ्यावेत, कारण एका डझनाच्या खोक्यात काही नग जन्मतःच मुके किंवा लंगडे असतात आणि नेमका तसा नग हाती आला तर परीक्षण त्या मालाचे न होता आपल्या नशिबाचे होते. कुठे घेतले, केव्हा घेतले आणि घासाघीस करून किती दिले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. खोका किंवा पुठ्ठा फेकू नये. बनवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि वयाची अट त्यावर आहे का, हे पाहावे; नाव-पत्ता नसेल तर तसे लिहावे, कारण ज्या वस्तूच्या बापाने नाव लावायला नकार दिला तिच्याविषयी वाचकाला पुष्कळसे कळून चुकते. चित्रात किती वस्तू आहेत आणि आत किती निघाल्या, हे मोजावे. मग मुलांना खेळू द्यावे आणि घड्याळ लावावे. छोटा पेचकस घेऊन खेळणे उघडणे हे सगळ्यात शेवटी.

प्लॅस्टिकविषयी थोडे कळले तरी पुरे. फरशीवर टाकल्यावर काचेसारखे टणक वाजते ते बहुधा पॉलिस्टायरीन. ते चकचकीत दिसते आणि वाकवू गेले की वाकण्याऐवजी तुटते. दुमडल्यावर पांढरी रेघ पडते पण तुटत नाही ते पॉलिप्रॉपिलीन. डब्यांची झाकणे त्याचीच असतात. मऊ, किंचित चिकट आणि उघडताक्षणी नाकात जाणारा वास असलेले ते पीव्हीसी, आणि त्याला मऊ करण्यासाठी जी द्रव्ये घालतात त्यांतल्या काहींवर मुलांच्या खेळण्यांपुरती मर्यादा घातलेली आहे. म्हणून वासावर विनोद जरूर करावा, पण ते खेळणे तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाच्या हाती देऊ नये.

नमुना दिल्याशिवाय हे नुसते बोलणे होईल. प्लॅस्टिकची दुर्बीण घेऊ. आमच्या पाटीवर जागा कमी म्हणून मी मोठे परीक्षण एका वहीत लिहून ठेवले होते, ते असे:

‘खोक्यावर एक गृहस्थ डोंगरमाथ्यावर उभे राहून गरुड न्याहाळत आहेत आणि शेजारी 30 गुणिले 60 असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. आम्ही बाल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) उभे राहून समोरच्या घराची मंगळुरी कौले न्याहाळली. उघड्या डोळ्याला दिसणारी अडीच कौले दुर्बिणीतल्या एका कौलाएवढ्या जागेत मावली. म्हणजे गरुड अडीचपट जवळ आला आणि उरलेले साडेसत्तावीस पट खोक्यातच राहिले. उजवा डोळा कौले पाहतो आणि डावा डोळा कौलांवरचे मांजर पाहतो, कारण दोन्ही नळ्यांचे आपसांत पटत नाही. प्रत्येक कौलाला एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने तांबडी किनार आहे, जी घरमालकाने लावलेली नाही. पुढच्या भिंगाचा व्यास पट्टीने 28 मिलिमीटर भरला. 60 हा आकडा कशाचा, याचा उलगडा आम्हाला पैसे देताना झाला: दुर्बीण 60 रुपयांना होती.’

या परीक्षणातला प्रत्येक विनोद मोजमापावर उभा आहे, हे मुलांना दाखवून द्यावे. दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला ती किती पट मोठे दाखवते तो असतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये असतो. हे ठाऊक नसते तर शेवटचे वाक्य सुचलेच नसते. किती पट मोठे दिसते हे पाहण्याची युक्ती सोपी आहे: एक डोळा नळीला लावायचा, दुसरा उघडा ठेवायचा, आणि कौलांच्या ओळीकडे किंवा विटांच्या भिंतीकडे दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहून एका मोठ्या कौलात साधी किती कौले बसतात ते मोजायचे. रंगीत किनार येते कारण साध्या एकेरी भिंगातून निळा प्रकाश आणि तांबडा प्रकाश एकाच जागी एकवटत नाहीत. चांगल्या दुर्बिणीत त्यासाठी दोन वेगवेगळ्या काचांची भिंगे जोडून बसवतात, आणि 60 रुपयांच्या वजाबाकीत पहिली जाते ती ही दुसरी काच. सातवीच्या मुलाला एवढे सहज कळते. एक ताकीद मात्र वर्गात उभे राहून द्यावी: दुर्बीण खेळण्यातली असली तरी तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहायचे नाही, अडीचपट सूर्यसुद्धा डोळ्याला भारीच पडतो.

मागे ओढून सोडण्याच्या गाडीची तपासणीही अशीच करावी. तिच्या पोटात घड्याळासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. गाडी मागे ओढली की ती आवळली जाते आणि सोडली की उलगडते, आणि पुरेशी आवळली गेली की आत कट्-कट् असा आवाज होऊन पुढची ओढ वाया जाते. मुलांना ही गाडी घोटीव लाल फरशीवर, सिमेंटच्या ओट्यावर आणि अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर प्रत्येकी पाच वेळा सोडायला सांगा आणि पावलांनी नव्हे, टेपने अंतर मोजायला सांगा. ढकलून सोडण्याची घर्रर्र वाजणारी गाडी निराळी. तिच्यात पट्टी नसून एक जड चाक असते आणि दंतचक्रांमुळे ते बाहेरच्या चाकांच्या कितीतरी पट वेगाने फिरते. जड चाकाचे वजन म्हणजे खर्च, म्हणून वजाबाकीत तेच हलके होते, आणि मग गाडीचा आवाज दूरवर जातो पण गाडी जात नाही.

डॉक्टरचा संच, पोलिसांचा संच आणि भातुकली यांवर फार शाई खर्च करू नये. त्यांत चालणारे काहीच नसते, त्यामुळे बंद पडणारेही काही नसते. स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही एवढे एक वाक्य पुरे. तेही मुलांना खटकत नाही, कारण पेशंटचे काय दुखते हे ती आधीच ठरवून बसलेली असतात.

गाणारा मोबाईल मात्र भरपूर मजकूर देतो. तो उघडल्यावर आत नखाएवढी हिरवी पट्टी दिसते आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका असतो. त्या ठिपक्याखाली चिप असते आणि गाणी तिच्यात कायमची बसवलेली असतात; तो ठिपका बिघडला की दुरुस्ती संपली, मी एवढ्या वर्षांत एकही वाचवू शकलेलो नाही. बाकीचे बिघाड बहुतेक वेळा केसासारख्या तारेच्या तुटलेल्या डागाचे (सोल्डरच्या जोडाचे) किंवा गंजलेल्या स्प्रिंगचे असतात. आपल्याकडे हा दुसरा बिघाड फार, कारण स्प्रिंगवरचा मुलामा नावापुरता असतो आणि हवा दमट व खारी. वास्कोच्या सप्ताहात आणलेला माल गणेश चतुर्थीपर्यंत तांबडा पडलेला मी पाहिला आहे. अशा वेळी बारीक पॉलिश कागदाने स्प्रिंगचे टोक घासले की मेलेला मोबाईल पुन्हा गाऊ लागतो आणि घरातली थोर मंडळी आपल्याकडे रागाने पाहू लागतात. त्यांच्यासाठीही उपाय आहे: आवाजाच्या भोकांवर आतून चिकटपट्टीचे दोन थर लावावेत, आवाज बराच उतरतो आणि मुलाला पत्ता लागत नाही.

या मोबाईलचे माझे परीक्षण तीन ओळींचे होते: ‘पहिल्या दिवशी गाणे द्रुत लयीत होते. पाचव्या दिवशी मध्य लय आली. दहाव्या दिवशी विलंबित, आणि स्वर इतका खाली गेला की बाहुलीच्या ठिकाणी बुवा गात आहेत असे वाटू लागले.’ गोव्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागले नाही, कारण इथे घरटी एक तरी माणूस भजनात टाळ घेऊन बसलेला असतो. परंतु ही थट्टा बनवलेली नव्हती. सेल उतरू लागले की त्या स्वस्त चिपला ठेका देणारी आतली व्यवस्थाच मंद होते, त्यामुळे लय आणि स्वर दोन्ही बरोबरच खाली येतात. चांगल्या यंत्रात ठेका स्थिर ठेवणारा स्फटिक असतो. इथे तो वजा झालेला आहे.

याच मोबाईलमध्ये बहुधा बटणासारखे तीन सेल असतात, आणि इथे विनोद थांबवावा लागतो. हे सेल मुलाने गिळले आणि ते अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांच्या आतसुद्धा आतून गंभीर भाजू शकते. 20 मिलिमीटर व्यासाचे चपटे लिथियमचे सेल त्यात सर्वांत घातक. सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे की नखाने उघडते, हे प्रत्येक परीक्षणात लिहिलेच पाहिजे, आणि नखाने उघडत असेल तर ते परीक्षण तिथेच संपवून खेळणे बाजूला ठेवले पाहिजे. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता आणि ओकारी काढायचा प्रयत्न न करता मुलाला थेट इस्पितळात न्यायचे असते. तीच गोष्ट लोहचुंबकाची: दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढून धरतात आणि आतड्याला भोक पाडू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बारीक भागांचीही एक चाचणी आहे, त्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, जिचा तळ तिरका असून खोली एका बाजूला 25.4 तर दुसऱ्या बाजूला 57.1 मिलिमीटर असते, आणि तिच्यात जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असे धरतात. तुमच्या शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याची तशी नळी सहज करता येईल.

खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे की नाही, हेही मुलांनी नोंदवावे. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून ते सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. जत्रेत बिनचिन्हाचा माल अजूनही दिसतो, हे मी दुकानदार असूनही सांगतो, आणि माझ्या फळीवर तो पूर्वी असे, हेही सांगतो. चिन्ह नसेल तर ‘चिन्ह नाही’ असे सरळ दोन शब्दांत लिहावे. त्याची खुसखुशीत वाक्ये करू नयेत. वाचक हसला की त्याच्या मनातून भीती जाते, आणि जिथे भीती असायला हवी तिथे ती घालवण्याचे काम आपण करू नये.

आता मासे पकडण्याच्या खेळाकडे वळतो, कारण गोव्यात त्याचे परीक्षण आपोआप लिहिले जाते. एक गोल तळे फिरत असते, त्यात बसवलेले रंगीत मासे तोंड उघडतात आणि मिटतात, आणि मुलांनी छोट्या गळाच्या टोकाचा चुंबक उघड्या तोंडात सोडून मासा उचलायचा असतो. तळ्याखाली उंचसखल वाट असते आणि प्रत्येक मासा तिच्यावरून सरकताना वर-खाली होतो; वर आला की जबडा उघडा पडतो. यंत्र म्हणून ते खरोखर सुरेख आहे. आमच्या फळीवर एका आजीने हा खेळ पाहिला, गुलाबी मासा हातात घेऊन उलटसुलट केला, कल्ल्यांखाली बोट घालून ताजा आहे का ते पाहिल्यासारखे केले आणि बाजारात माशांच्या ढिगाचा भाव विचारतात तसे विचारले, ‘वाटा कितीचा?’ मी त्या दिवशी पाटीवर एवढेच लिहिले: ‘मासे ताजे. वाटा 120 रुपये. पावसाळ्यातही मिळतात.’ विनोदाच्या दृष्टीने हे माझे सर्वांत चांगले परीक्षण ठरले आणि त्यातला अर्धा भाग त्या आजीचा होता. खेळाचा खरा दोष निराळाच आहे आणि तो लपवून चालणार नाही: गळाच्या टोकाचा चुंबक नुसता चिकटवलेला असतो आणि तो सुटून माशाच्या तोंडात राहिला की मासाच गळ घेऊन जातो. असे झाले तर चुंबक शोधून काढल्याशिवाय त्या खोलीत रांगते मूल सोडू नये.

पाटी लिहिण्याच्या धंद्यात माझी एकदा चांगलीच फजिती झाली. शिटी वाजवणारे प्लॅस्टिकचे भोवरे आणले होते. मी दोऱ्या गुंडाळून दहा वेळा फेकले, एकही धड फिरला नाही, म्हणून पाटीवर लिहिले: ‘भोवरा. कागदांवर ठेवण्यास उत्तम.’ दुसऱ्या दिवशी दिवाडीचा एक मुलगा आला, त्याने पाटी वाचली, एक भोवरा उचलला, दोरी उलट्या बाजूने गुंडाळली आणि माझ्याच फळीवर तो असा सोडला की शिटीचा आवाज ऐकून शेजारचा खाजेवाला उठून पाहायला आला. भोवऱ्याच्या भोकांची तिरकी कड एकाच बाजूला होती, हे मी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे की, खेळणे ज्या वयासाठी आहे त्या वयाच्या, आणि तो खेळ येत असलेल्या, मुलाच्या हाती दिल्याशिवाय त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहायचे नाही. चालत नाही आणि आपल्याला चालवता येत नाही, यांत फरक आहे.

चांगल्या खेळण्याचे विनोदी परीक्षण करणे अधिक अवघड असते, आणि तुमच्या हस्तलिखितात तसे एक तरी असावे असे मला वाटते. त्यासाठी मी टिनची आगबोट सुचवीन. आत एक चपटी टाकी, तिच्यातून मागे निघालेल्या दोन नळ्या, आणि टाकीखाली ठेवायची मेणबत्ती किंवा तेलाची वात, एवढाच संसार. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे सरळ धारेने फेकते आणि बोट पुढे जाते. वाफ थंड झाली की पाणी परत आत ओढले जाते, पण ते नळीच्या तोंडाशी सगळ्या बाजूंनी येते, त्यामुळे बोट तेवढी मागे येत नाही. हेच पुन्हा पुन्हा होते आणि टाकीचा पातळ पत्रा फट्-फट् वाजत राहतो. तिच्यात दट्ट्या नाही, झडप नाही, चाक नाही. अशा बोटीचे ब्रिटिश पेटंट थॉमस पियो यांनी 1891 मध्ये घेतले होते. सव्वाशेहून अधिक वर्षे या बोटीतून आणखी काही वजा करता आलेले नाही, कारण वजा करण्याजोगे तिच्यात मुळातच काही ठेवलेले नव्हते.

तिचे परीक्षण मी असे केले होते: ‘भाणात (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यात) पाणी भरून सोडली. एका वातीवर अकरा मिनिटे फिरली. फेरीबोटीप्रमाणे ती पैलतीरी पोचते. फेरीबोटीप्रमाणे ऐलतीरी येण्याचे मात्र तिने कबूल केलेले नाही.’ दोष असा की पत्र्याच्या कडा बोट कापतात, म्हणून त्यांवरून आधी पॉलिश कागद फिरवावा; ज्योत असल्यामुळे मोठे माणूस जवळ हवे; आणि टाकीत पाणी नसताना वात पेटवली तर जोडाचे डाग वितळून बोटीची एकाच सफरीत निवृत्ती होते.

निकाल देताना तारे देऊ नयेत. पाचपैकी दोन तारे म्हणजे काय, हे देणाऱ्यालाही कळत नाही. आम्ही अंतराने मोजतो. बोडगेश्वराच्या जत्रेत घेतलेले खेळणे पेडण्याकडे निघालेल्या मुलाच्या हातात कोलवाळच्या पुलापर्यंत टिकले, की धारगळपर्यंत, की पत्रादेवीपर्यंत? जुन्या गोव्यात घेतलेले दिवाडीच्या फेरीबोटीत चढेपर्यंत तरी शाबूत होते का? तुम्ही तुमच्या गावाचा रस्ता घ्या आणि वाटेवरची वडाची झाडे, वळणे, पूल यांची मोजपट्टी करा. ती वाचणाऱ्याच्या पायाखालची असते, म्हणून ‘वडापर्यंतसुद्धा नाही’ एवढ्या दोन शब्दांत खेळण्याची सगळी कुंडली त्याला कळते.

भाषेविषयी दोनच सूचना आहेत. खेळणे जितके क्षुल्लक तितकी भाषा गंभीर ठेवावी. देवस्थानच्या नोटिशीची, पंचायतीच्या ठरावाची किंवा कोर्टातल्या अर्जाची. ‘सदर बेडकाने उडी मारण्यास असमर्थता दर्शविली’ हे वाक्य ‘बेडूक उडतच नाही यार’ यापेक्षा अधिक हसवते, कारण त्यात लिहिणारा स्वतः हसत नाही. दुसरी सूचना थट्टा कोणाची करावी याविषयी आहे. खोक्यावरच्या दाव्याची करावी, बनवणाऱ्याच्या कंजुषीची करावी, आमच्यासारख्या दुकानदारांची तर मोकळेपणाने करावी. पण घेणाऱ्याची कधी करू नये. जत्रेत दिवसभराच्या मजुरीतून पन्नास रुपये काढून मुलाच्या हाती गाडी देणारा बाप मी रोज पाहतो, आणि ती गाडी कोलवाळच्या पुलाआधी मोडणार हे त्यालाही दिसत असते.

‘चिनी माल’ हा शब्द विनोद म्हणून मुलांनी वापरू नये, हेही सांगून टाका. एक तर तो आळसाचा विनोद आहे, आणि दुसरे म्हणजे तो आता बऱ्याचदा खोटाही ठरतो. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या मालाच्या खोक्यांवर आपल्याच देशातले पत्ते अधिक दिसतात. वजाबाकी कोणत्याही देशात तशीच करता येते. आणि कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी या सदरात घेऊ नका. त्यांची किंमत आधी ठरलेली नसते, म्हणून त्यांना आपली मोजपट्टीच लागत नाही.

चित्रे मात्र हातानेच काढून घ्या. उघडलेल्या खेळण्याचे सगळे भाग एका पांढऱ्या कागदावर ओळीने मांडावेत, प्रत्येकाला आकडा द्यावा आणि मगच रेखाटन करावे. स्क्रू बशीत ठेवावेत, कारण फरशीवर ठेवलेला स्क्रू पुन्हा सापडतो तो पायाला. सगळे पूर्ववत जोडल्यावर बशीत एखादा स्क्रू उरला आणि खेळणे तरीही चालू लागले, तर तेही परीक्षणात आकड्यासकट लिहून पाठवा. कारखान्याच्या नजरेतून निसटलेली ती एकमेव वजाबाकी असते आणि ती तुमच्या मुलांनी पुरी केलेली असते.